गुलाबी ठिपका

हरेश्वर वैतीने लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं, चार्जर लावला आणि घड्याळाकडे बघत बसला. सात मिनिटांत चार्जिंगच्या चिपवर बोट ठेववेना. त्याने तापमान मोजायचं यंत्र रोखलं. ब्याण्णव अंश. बॅटरी भरल्यावर वीज थांबायला हवी होती, ती थांबत नव्हती. बॅटरीचं पोट मधोमध किंचित वर आलं होतं. दोन महिन्यांत या मॉडेलचा हा अकरावा लॅपटॉप, आणि अकराही जणांची तक्रार एकच, चार्जिंग नीट होत नाही.

बोर्डाच्या कोपऱ्यात साबुदाण्याएवढा एक कागदी ठिपका चिकटवलेला होता. कारखान्यातून तो पांढरा येतो. आत पाणी गेलं की लाल होतो. हा ठिपका लाल नव्हता, पांढराही नव्हता. फिकट गुलाबी होता. हरेश्वरने भिंग लावून सगळा बोर्ड पाहिला. गंज नाही, डाग नाही, चहाचा चिकटपणा नाही. त्याने जॉबशीटच्या कागदावर पेनाने लिहिलं, ‘पाणी गेल्याची खूण नाही. चार्जिंग सर्किटमध्ये दोष. बोर्ड आणि बॅटरी बदलावी. वॉरंटीत.’ खाली सही केली.

संध्याकाळी त्याने कॉम्प्युटरवरची नोंद उघडली, तर तिथे दुसरंच लिहिलेलं. ‘द्रव आत गेल्याने बिघाड. वॉरंटी लागू नाही.’ इंजिनीअर म्हणून नाव मात्र त्याचंच.

तो उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मृणालिनी प्रधान शिवाजी पार्कला राहायच्या, परळच्या या सर्व्हिस सेंटरमध्ये सहा वर्षं होत्या. आवाज चढवून बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

“मॅडम, ह्या लॅपटॉपची नोंद बदललीय.”

“ठिपका पांढरा आहे का?”

“फिकट गुलाबी आहे. पण पाणी गेलेलं नाहीये. दमट हवेने होतो तो तसा. मी नवे सीलबंद पीस उघडलेत ना बदलून देताना, त्यातसुद्धा पाहिलाय.”

“हरेश्वर, कंपनीचा नियम आहे. ठिपका पांढरा नसेल तर वॉरंटी नाही. फोनवरून मला रोज विचारतात, आज किती नाकारले. बदलून द्यायचं प्रमाण असंच राहिलं तर हे सेंटर काढून घेतील ते. अठरा माणसं काम करतात इथे. तूही त्यातलाच.”

“मग माझं नाव काढा त्याच्यावरून.”

“सिस्टिममध्ये इंजिनीअरचं नाव लागतंच.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जा आता. उद्या गिऱ्हाईक येणार आहे.”

हरेश्वर परत आपल्या टेबलाशी आला. त्याची आई मागच्या वर्षी आजारी होती तेव्हा याच बाईंनी त्याला न मागता पंधरा दिवसांची सुट्टी दिली होती. त्यामुळे त्यांच्यावर नीट रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला गिऱ्हाईक आलं. बाप आणि मुलगी. मुलगी पंचविशीची, बकुळा गमरे. लालबागला चाळीत राहायची आणि घरी बसून दादर-गिरगावच्या छापखान्यांसाठी लॅपटॉपवर पुस्तकांची पानं लावून द्यायची. वडील भिवा गमरे साठीच्या आसपासचे, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट. सर्व्हिस सेंटरची ही काचेची इमारत ज्या गिरणीच्या जागेवर उभी राहिली त्या गिरणीत ते संपापर्यंत कामाला होते. त्यांचा उजवा हात मनगटापासून थरथरायचा. तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता.

काउंटरवरच्या मुलीने रिपोर्ट पुढे केला. बकुळाने वाचला.

“पाणी? कुणी सांगितलं पाणी गेलं म्हणून?”

“इंजिनीअरचा रिपोर्ट आहे, मॅडम.”

“त्यांना बोलवा.”

हरेश्वर बाहेर आला. मागोमाग मृणालिनी मॅडमही येऊन काउंटरच्या कडेला उभ्या राहिल्या.

“तुम्ही उघडलात?” बकुळाने विचारलं.

“हो.”

“आत पाणी होतं?”

हरेश्वरने रिपोर्टकडे पाहिलं. “रिपोर्टमध्ये तसं आहे.”

“रिपोर्ट मला वाचता येतो. तुम्ही डोळ्यांनी काय बघितलंत ते विचारतेय.”

“ठिपका गुलाबी झालाय. म्हणजे ओल गेलीय आत,” मृणालिनी मॅडम मधेच म्हणाल्या. “घरात चहा वगैरे सांडला असेल. पुष्कळदा लक्षात येत नाही.”

बकुळा काही बोलणार होती, थांबली. तिची नजर वडिलांच्या हाताकडे गेली. भिवांनी ती नजर पाहिली.

“बाबा, मी बाहेर गेले होते तेव्हा तुम्ही काही सांडलंत का?”

“नाय गं.”

“नीट आठवून सांगा. चहा? औषधाचं पाणी?”

“मी त्याच्या जवळ तरी जातो काय?” ते म्हणाले. मग सगळ्यांसमोर, हलक्या आवाजात, “नसावं सांडलं. मला तरी आठवत नाय.”

बकुळाने पेन घेतलं, रिपोर्टच्या खाली ‘मला हे मान्य नाही’ असं लिहून सही केली आणि लॅपटॉप उचलला. भिवा तिच्या मागून निघाले. दारापाशी त्यांनी एकदा वळून हरेश्वरकडे पाहिलं. रागाने नव्हे. जसं काही, आपण काय केलं ते याला तरी माहीत असेल, तसं.

चार्जिंगला लावू नका, एवढं वाक्य हरेश्वरच्या तोंडाशी आलं होतं. मॅडम शेजारी उभ्या होत्या. तेवढ्यात लिफ्टचं दार बंद झालं.

दोन दिवस त्याने काम केलं, पण ते ब्याण्णव त्याच्या डोक्यातून जाईना. रविवारी सकाळी तो जॉबशीटवरच्या पत्त्यावर जाऊन थडकला. दुसरा मजला, कॉमन गॅलरी, सातवी खोली. दार उघडंच होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली टेबल, टेबलावर कागदांचे गठ्ठे. लॅपटॉप खाटेवर, गोधडीवर ठेवलेला होता. चार्जरचा दिवा लागलेला. भिवा खाटेच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसले होते.

हरेश्वर नमस्कार न करताच आत शिरला आणि त्याने बटण बंद करून पिन खेचून काढली.

“अहो, काय करताय?” बकुळा मोरीतून हात पुसत बाहेर आली. मग तिने त्याला ओळखलं. “तुम्ही?”

“हा परत चार्ज करू नका. बॅटरी काढून घराबाहेर ठेवा. लोखंडी डबा असेल तर त्यात.” त्याने गोधडीवर हात ठेवला. चटका बसेल इतकी ती तापली होती. “हात लावून बघा.”

बकुळाने हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

“पाणी गेलेलं नाहीये,” हरेश्वर म्हणाला. “थेंबसुद्धा नाही. मी तसंच लिहिलं होतं. नंतर नोंद बदलली. दोष त्याच्यातच आहे. चार्जिंग थांबतच नाही. बॅटरी फुगत जाईल आणि पेट घेईल.”

भिवांनी पेपर बाजूला ठेवला. “म्हणजे माझ्या हातून काय सांडलं नव्हतं?”

“नाही, काका.”

म्हातारा हसला नाही, रडला नाही. “मी रोज आठवत होतो,” एवढंच म्हणाला. “मंगळवारी काय केलं, बुधवारी काय केलं. म्हटलं, हात असा, डोकं पण जायला लागलं की काय आपलं.”

बकुळा खाटेच्या कडेला बसली. बराच वेळ तिने वडिलांकडे बघितलं नाही. मग हरेश्वरला म्हणाली, “तुमच्याकडून आल्यापासून मी यांच्याशी धड बोललेली नाही. यांचा कप वेगळ्या फळीवर नेऊन ठेवला मी.” ती उठली, तिने टेबलावरून कोरा कागद आणि पेन आणलं. “आत्ता जे बोललात ते ह्याच्यावर लिहून द्या.”

“ते नाही जमणार.”

“का?”

“नोकरी जाईल. घरात मी एकटा कमावता. आई अजून मच्छी विकते, तिचे गुडघे गेलेत.”

“मग आलात कशाला?”

“आग लागू नये म्हणून.”

“म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून,” बकुळा म्हणाली. “बाकी दहा जणांच्या घरी जाऊन आलात का?”

तिला दहा हा आकडा कुठून कळला असं त्याला क्षणभर वाटलं. मग ध्यानात आलं की तिने नुसताच एक आकडा फेकला होता, आणि तो नेमका बसला होता. तो गॅलरीत आला. मागून भिवांचा आवाज आला, “बकू, असं बोलू नको त्याला. आला तरी.”

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत हरेश्वरने त्या दहा जणांना आपल्या मोबाइलवरून फोन केले. नाव सांगितलं नाही. चार्जिंगला लावू नका, बॅटरी काढून ठेवा, एवढंच सांगून ठेवून दिले. दोघांनी त्याला शिव्या दिल्या.

बकुळाने वकील केला नाही. ग्राहक मंचाचा अर्ज कसा असतो ते तिने एका छापखानेवाल्याकडून समजून घेतलं, स्वतः टाइप केला आणि परळच्या मंचात नेऊन दिला. दोन महिन्यांनी कंपनीला नोटीस गेली. त्यानंतर आठ दिवसांनी मृणालिनी मॅडमनी हरेश्वरला केबिनमध्ये बोलावलं.

टेबलावर एक प्रतिज्ञापत्र होतं, कंपनीच्या वकिलाने तयार केलेलं. ‘मी हरेश्वर चंदू वैती, वय एकतीस, असे नमूद करतो की सदर लॅपटॉप मी स्वतः तपासला असता आत द्रवाच्या स्पष्ट खुणा आढळल्या.’

“सही कर,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बसलेला होता. “नोटरी खाली थांबलाय.”

“मॅडम, हे खोटं आहे.”

“मला माहीत आहे.”

हरेश्वर त्यांच्याकडे बघतच राहिला. त्या इतकं सरळ कबूल करतील असं त्याला वाटलं नव्हतं.

“कंपनीकडे दुसरा कागद नाही,” त्या म्हणाल्या. “तुझी सही नसेल तर त्यांची बाजू उभी राहत नाही. मग ते सहीसाठी माझ्याकडे येणार, मी नाही तर आणखी कुणाकडे. कुणीतरी सही करणारच आहे.”

“उद्यापर्यंत वेळ द्या.”

“उद्या दहाला.”

तो तिथून थेट दादरच्या मच्छी मार्केटमध्ये गेला. दुपारचं गिऱ्हाईक सरलं होतं. सखुबाई, त्याची आई, उरलेल्या बांगड्यांवर पाणी मारत पाटावर बसली होती. सकाळी शिवडी कोळीवाड्यातून निघायची ती संध्याकाळीच घरी परतायची.

“काय रं, या टायमाला?”

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि माशांवर पाणी मारत होती. शेजारची बाई कान देऊन ऐकतेय हे बघून तिने त्याला जवळ ओढलं.

“मना त्या मशीनीतलं काय कळत नाय. आग लागंल हे खरं काय?”

“लागू शकते.”

“मासळी सकाळची नसली तर मी काय गिऱ्हाइकाला बोंबलून सांगते काय? नाय सांगत. धंदा हाय. पण नासलेली हाय नि कुणाच्या घरात पोर खाऊन आजारी पडंल असं वाटलं, तर नाय देत. फेकते.” तिने हात पदराला पुसले. “नोकरी गेली तर अजून दोन वर्सं मी टोपली उचलीन. त्याच्या पुढचं सांगत नाय. पण उद्या मना ऐकवू नको, की आये, तू सांगितलंस म्हणून केलं. तुझं तू ठरव.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याने सही न केलेला कागद टेबलावर ठेवला. बारा वाजता त्याचं ओळखपत्र आणि टेबलाची किल्ली काढून घेतली. कारण लिहिलं होतं ‘वरिष्ठांशी असहकार’. मूळ जॉबशीट सेंटरच्या फायलीत होतं. हरेश्वरकडे त्याची प्रत नव्हती. तो लालबागला गेला, बकुळाच्या टेबलापाशी स्टुलावर बसला आणि म्हणाला, “लिहून घ्या. सांगतो.”

ती लिहून घेत होती तेव्हा तिने एकदाच मान वर केली. “त्या दिवशी मी जास्त बोलले.”

“बरोबर बोललात,” हरेश्वर म्हणाला. “पुढे लिहा.”

सुनावणीच्या दिवशी मंचाच्या बाहेरच्या बाकांवर जागा नव्हती. तिघं जिन्याजवळ उभे होते. साडेदहाला कंपनीचा वकील आला. त्याच्या हातात लॅपटॉपचा नवा कोरा खोका होता, मागे मृणालिनी मॅडम. वकील हसून बकुळाला म्हणाला, “मॅडम, भांडण कशाला वाढवायचं? हा घ्या. तेच मॉडेल, नवं, सुधारलेलं. तुम्ही तक्रार मागे घ्यायची, आणि ह्या विषयावर कुठे काही बोलायचं नाही, लिहायचं नाही. दोन ओळींचा कागद आहे.”

“आणि यांची नोकरी?” बकुळाने हरेश्वरकडे बोट केलं.

“तो आमच्या आणि त्यांच्यातला प्रश्न. आत जाईपर्यंत ठरवा. पंधरा मिनिटं आहेत.” जाता जाता तो थांबला. “ह्यांच्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवू नका. काढून टाकलेला माणूस आहे. मंच त्याला किती किंमत देईल ते मला ठाऊक आहे.”

तो गेला. खोका त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. बकुळा त्याच्याकडे बघत राहिली. तीन महिने ती लोकांच्या मशीनवर जाऊन, मिळेल त्या वेळेला काम करत होती. दोन छापखान्यांनी तिची वाट बघून काम दुसरीकडे दिलं होतं.

“बाबा, काय करू?”

भिवा भिंतीला टेकून उभे होते. “मला विचारू नको. संपात अठरा महिने बाहेर राहिलो मी. बरोबर केलं की चुकलो, अजून मला कळलेलं नाय. त्या टायमाला पण सगळे एकमेकाला विचारत होते नि कुणाला काय म्हायत नव्हतं.” त्यांनी हरेश्वरकडे मान वळवली. “ह्याला विचार. गेली ती ह्याची गेलीय.”

हरेश्वरला वाटत होतं, घेऊ नको म्हणावं. तिने तक्रार मागे घेतली की आपली नोकरी फुकट गेली. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला दिसत होती. “घ्या,” तो म्हणाला. “फक्त चार्ज होताना लक्ष ठेवा.”

“म्हणजे ह्याच्यातपण तोच दोष?”

“बोर्ड तोच आहे. सुधारलंय ते खोक्यावरचं स्टिकर.”

बकुळाने खोक्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, “ह्याच्यातसुद्धा तो ठिपका असेल ना?”

ती काय म्हणतेय ते हरेश्वरच्या लक्षात आलं. “असेल. पण ऐका. मी तीन नवे पीस उघडून बघितले होते. दोन गुलाबी होते. एक पांढरा होता. हा पांढरा निघाला तर सगळं संपलं. लॅपटॉप पण जाईल, केस पण जाईल.”

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

मंचाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, बाजूला दोन सदस्य, त्यात एक बाई. वकिलाने उभं राहून सांगितलं की कंपनी मोठ्या मनाने नवा लॅपटॉप द्यायला तयार आहे आणि तक्रारदार तक्रार मागे घेत आहेत.

“घेताय?” अध्यक्षांनी विचारलं.

बकुळा पुढे झाली. “साहेब, हा लॅपटॉप मला देतायत ना? मग तो इथे उघडून बघायचाय. खोका नाही, मशीन. मागचं झाकण काढून.”

“कशाला?”

“कंपनी म्हणते, तो ठिपका गुलाबी झाला म्हणजे माझ्या घरी पाणी सांडलं. हा अजून कुणाच्याच घरी गेलेला नाही. ह्याचा ठिपका बघूया.”

वकील ताडकन उठला. “ह्याला माझी हरकत आहे. झाकण काढलं की वॉरंटी रद्द होते.”

समोरच्या सदस्य बाई म्हणाल्या, “देणार तुम्ही यांनाच होतात. त्यांची तयारी असेल तर तुमचं काय बिघडतं?”

“उघडणार कोण? हा माणूस?” वकिलाने हरेश्वरकडे बोट दाखवलं. “ह्याने आत काहीतरी केलं तर?”

अध्यक्ष मृणालिनी मॅडमकडे वळले. “तुम्ही सेंटरच्या मॅनेजर ना? तुम्ही उघडू शकता?”

मॅडमनी वकिलाकडे पाहिलं. “स्क्रू काढता येतील मला.”

“मग तुम्हीच काढा. तिथेच. सगळ्यांना दिसेल असं.”

खोक्याचं सील शाबूत असल्याची नोंद झाली. मंचाच्या शिपायाने कुठूनसा एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला. मॅडमनी लॅपटॉप पालथा केला. एक स्क्रू, दोन, पाच. सहावा फिरेना. हरेश्वरचा हात आपोआप पुढे झाला, भिवांनी तो धरला. सहावा शेवटी सुटला. सातवा स्क्रू टेबलावर पडला आणि गडगडत कडेला जाऊन थांबला. मॅडमनी नखाने झाकण उचललं.

त्यांनी झाकण तसंच हातात धरलं. नुसतं बघत राहिल्या. हरेश्वरला तिथून ठिपका दिसत नव्हता. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

“काय रंग आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“गुलाबी,” मृणालिनी मॅडम म्हणाल्या.

“इकडे आणा.”

लॅपटॉप टेबलावरून फिरला. अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं, सदस्य बाईंनी पाहिलं. वकील घाईघाईने म्हणाला, “साहेब, गोदामातल्या दमटपणामुळे असं क्वचित होऊ शकतं.”

“गोदाम कुठे आहे?”

“शिवडीला.”

“आणि ह्या बाई लालबागला राहतात. दोन्हीकडची हवा काय वेगळी आहे?” अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, “इंजिनीअर म्हणतायत की त्यांनी हाताने लिहिलेलं मूळ जॉबशीट वेगळं होतं. ते आहे की नाही?”

वकील म्हणाला, “असे कागद तीन महिन्यांनंतर ठेवत नाहीत.”

“मी मॅनेजरना विचारलं.”

मृणालिनी मॅडमच्या हातात अजून स्क्रू-ड्रायव्हर होता. वकील त्यांच्याकडे रोखून बघत होता. नाही म्हणणं सोपं होतं. फाइल त्यांच्याच कपाटात होती, आणि ती तिथे आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या तारखेला आणते.”

आणि त्यांनी ते आणलं.

निकाल लागायला आणखी चार महिने गेले. ठिपक्याच्या रंगावरून पाणी गेल्याचं सिद्ध होत नाही, चार्जिंगचा दोष उत्पादनातला आहे आणि नोंद नंतर बदलली गेली, असं मंचाने स्पष्ट लिहिलं. बकुळाला दुसऱ्या मॉडेलचा लॅपटॉप द्यायचा आदेश झाला. कंपनीने वरच्या आयोगाकडे जायची धमकी दिली, पण गेली नाही. सेंटरमधल्या एका जुन्या सोबत्याने हरेश्वरला सांगितलं की आता निव्वळ ठिपक्यावरून वॉरंटी नाकारू नका असं पत्र आलंय. त्या पत्रात कुणाचं नाव नव्हतं. हरेश्वरने पुन्हा फोन करून कळवल्यावर उरलेल्या दहांपैकी सहा जणांनी बकुळाकडून निकालाची प्रत नेली आणि चौघांना दुसऱ्या मॉडेलचे लॅपटॉप बदलून मिळाले. इतर दोघांचं काय झालं ते कळलं नाही.

हरेश्वरला कुणी परत कामावर बोलावलं नाही. सखुबाई टोपली घेऊन जात होती आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावत बसायची. ती एका शब्दानेही काही बोलली नाही, हेच त्याला जड जायचं. तीन ठिकाणी त्याच्या मुलाखती झाल्या. तिन्ही ठिकाणी आधीची नोकरी का गेली असं विचारलं, त्याने खरं सांगितलं, आणि कळवतो म्हणून सांगणाऱ्यांनी कळवलं नाही.

चौथी जागा गिरगावातली होती. राजाराम पेडणेकर नावाचा मालक, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, चार टेबलं. त्याने हरेश्वरला एक बंद पडलेला बोर्ड दिला आणि समोर बसून तो दुरुस्त होईपर्यंत पाहत राहिला. मग म्हणाला, “काम येतं तुला. पण मी जुन्या मालकाला विचारल्याशिवाय माणूस ठेवत नाही. काल फोन केला होता तुझ्या परळच्या सेंटरला. त्या मॅनेजर बाईंना.”

हरेश्वरने हातातला चिमटा खाली ठेवला. उठावं की थांबावं ते त्याला कळेना.

“बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत,” राजाराम म्हणाला. “मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाल्या, माणूस चांगला आहे, हात स्वच्छ आहे. फक्त जे दिसत नाही ते लिहायला सांगू नका, तो लिहिणार नाही. असं का म्हणाल्या त्या?”

हरेश्वरने चिमटा परत उचलला. त्या बाईंचा त्याला राग होता, आणि तो अजून गेलेला नव्हता. पण फोन धरून त्या गप्प बसल्या असतील तेव्हा त्यांच्या डोक्यात काय काय चाललं असेल, ते त्याला समजत होतं.

“मोठी गोष्ट आहे,” तो म्हणाला. “सांगीन.”

“दुपारी सांग, जेवताना,” राजाराम म्हणाला आणि काउंटरकडे वळला. एक बाई पिशवीतून लॅपटॉप काढत उभी होती. “सोमवारपासून ये. साडेनऊला दुकान उघडतं.”